छातीचा फोटो : एका काटकसरीचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे एक्स-रेला 'फोटो' म्हणतात. 'डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय' हे वाक्य कानावर पडलं, की घरातला कर्ता माणूस आधी खिसा चाचपतो आणि मग काळजी करायला लागतो. हे आजचं नाही. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली, आणि तेव्हापासून हा फोटो स्वस्तात कसा पडेल याचा विचार डॉक्टर, कारखानदार, सरकारं आणि रुग्ण असे सगळेच करीत आलेले आहेत. त्या काटकसरीचा इतिहास आज मला सांगायचा आहे. सीटी स्कॅन, एमआरआय यांच्याकडे मी वळणार नाही. छातीच्या साध्या फोटोची गोष्टच पुरेशी मोठी आहे, कारण आपल्या देशात ती क्षयाच्या गोष्टीला बांधलेली आहे.

पहिली बचत केली ती खुद्द शोध लावणाऱ्यानं. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठात विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे अनोळखी किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. बोटांची हाडं आणि त्यातल्या एका बोटात अंगठी, असा तो जगप्रसिद्ध फोटो. मनात आणलं असतं तर पेटंट घेऊन ते गडगंज झाले असते. त्यांनी पेटंट घेतलंच नाही. म्हणून तर वर्षभराच्या आत युरोप-अमेरिकेतल्या इस्पितळांत, प्रयोगशाळांत, अगदी जत्रांतसुद्धा एक्स-रेची यंत्रं सुरू झाली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं, त्याचे पैसेही त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची स्वतःची पुंजी वितळून गेली आणि १९२३ साली ते वारले. आज आपण एक्स-रेचं जे बिल भरतो, त्यात राँटगेन यांच्या वारसांचा एक पैसाही नसतो.

पेटंट फुकट मिळालं तरी काच फुकट नव्हती. सुरुवातीचे फोटो काचेच्या प्लेटवर घेतले जात आणि प्लेट महाग पडे. मग डॉक्टरांनी उपाय काढला, की प्लेट वापरायचीच नाही. किरण पडले की उजळणारा एक पडदा असतो. रोग्याला त्याच्यामागे उभं करायचं, खोलीत अंधार करायचा आणि डोळ्यांनीच छाती पाहून घ्यायची. आपल्याकडे जुन्या डॉक्टरांच्या तोंडी 'स्क्रीनिंग करून घेऊ' असे शब्द असत, ते हेच. खर्च जवळजवळ शून्य. पण ती किंमत कुणीतरी दुसरं भरत होतं. पाहणारा डॉक्टर रोज तासन् तास त्या किरणांसमोर उभा राही, यंत्र नीट चालतंय का हे बघायला स्वतःचाच हात मध्ये धरी. कित्येकांच्या हातांना न भरणाऱ्या जखमा झाल्या, बोटं कापावी लागली. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याचे हात गेले, आणि १९०४ साली तो गेला. स्वस्त तपासणीचा हिशेब मांडताना तो कुणाच्या अंगावर पडतो हे पाहायला हवं, असं मला या गोष्टीमुळे वाटायला लागलं.

यानंतरचं माझं आवडतं पात्र ब्राझीलचं आहे. मानुएल द आब्रेउ हा रिओ दि जानेरोचा डॉक्टर. त्याच्या शहरात क्षयानं माणसं भराभर मरत होती, आणि मरणारा बहुतेक वेळा उशिराच सापडायचा. छातीचा फोटो काढला तर रोग लवकर कळू शकत होता. पण १४ बाय १७ इंचांची मोठी फिल्म एकेका गरिबावर कोण खर्च करणार? आब्रेउच्या मनात आलं, की पडद्यावर जी छाती दिसते तिचाच साध्या कॅमेऱ्यानं फोटो घेतला तर? सिनेमाच्या रिळासारख्या ३५ मिलिमीटर फिल्मवर? आधी केलेले त्याचे प्रयत्न फसले होते, कारण पडदा पुरेसा उजळत नसे. १९३६ साली ते जमलं. गणित करून पाहिलं तर मोठ्या फिल्मचं क्षेत्रफळ छोट्या चौकटीच्या सुमारे पावणेदोनशे पट भरतं. म्हणजे एका मोठ्या फोटोच्या फिल्ममध्ये पावणेदोनशे माणसांच्या छात्या! ब्राझीलमध्ये या फोटोला त्याच्याच नावावरून 'आब्रेउग्राफिया' म्हणतात. आपल्याकडे हेच तंत्र 'एमएमआर' या तीन अक्षरांनी आलं.

एक गोष्ट मात्र खरी. फिल्म वाचली तरी पडदा नीट उजळावा म्हणून रोग्यावर किरण जास्त सोडावे लागत. तरीही क्षयानं मरण्यापेक्षा ते परवडलं, असं त्या काळच्या जगानं ठरवलं आणि दुसऱ्या महायुद्धापासून गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. सैनिक, कामगार, विद्यार्थी रांगेत उभे. ग्लासगो शहरात १९५७ साली पाच आठवड्यांत सात लाखांवर माणसांचे फोटो काढले गेले. लोकांनी यावं म्हणून बक्षिसंसुद्धा ठेवली होती.

आता आपल्याकडे येऊ. त्याच सुमारास, १९५५ ते १९५८ या काळात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशभर क्षयाची पाहणी केली. एक्स-रेच्या गाड्या जनरेटरसकट खेड्यापाड्यांत गेल्या. तोवर समज असा, की क्षय हा गिरण्यांच्या, चाळींच्या, धुराच्या शहरांचा रोग. खेड्यात शुद्ध हवा, तिथे कुठला क्षय? पाहणीत निघालं, की खेड्यांत आणि शहरांत क्षयाचं प्रमाण जवळपास सारखंच आहे. आणि देशातली बहुतेक माणसं तर खेड्यांत राहत होती. हा निष्कर्ष छोट्या फिल्मच्या फोटोंनी दिला, त्यामुळे एमएमआरचे आपण ऋणी आहोतच. पण त्याच निष्कर्षानं एमएमआरची अडचणही दाखवून दिली. १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ४३ कोटी ९० लाखांच्या घरात होती. एवढ्या माणसांना गाडीसमोर रांगेत उभं करायचं कसं? फिल्म, नळ्या, कॅमेरे सगळं परदेशातून यायचं, आणि परकीय चलनाचा तर तेव्हा खडखडाट. उटीजवळचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला तो याच काळात. पुढे आपल्या 'इंदू' एक्स-रे फिल्म तिथून येऊ लागल्या.

१९५९ साली बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथे डेन्मार्कचे डॉ. स्टिग अँडरसन जागतिक आरोग्य संघटनेकडून आले होते, आणि डॉ. देबबर बॅनर्जी हे आपले तरुण डॉक्टर होते, ज्यांना औषधाइतकाच माणसांच्या वागण्याचा अभ्यास महत्त्वाचा वाटे. या मंडळींनी एक साधं काम केलं, जे तोवर कुणाला सुचलं नव्हतं. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत फोटोमध्ये क्षय दिसलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांनी विचारलं : तुम्हाला त्रास होतो का? त्याची काळजी वाटते का? त्यासाठी काय केलंत?

तोवर शहाण्यांचा समज असा होता, की खेडूत अडाणी असतो, त्याला आपला आजार कळत नाही, म्हणून गाडी घेऊन आपणच त्याला शोधायला जायला हवं. उत्तरं उलट आली. बहुतेक सगळ्यांना आपल्याला काहीतरी झालंय हे माहीत होतं. बऱ्याच जणांना त्याची धास्ती होती. आणि निम्म्याहून थोडी अधिक माणसं तर आपणहून दवाखान्यात जाऊनही आली होती! तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याचं पातळ औषध. माझ्या वयाच्या लोकांना ती बाटली आठवत असेल : घरून नेलेली, लाल औषधानं भरलेली, आणि डोस मोजायला बाहेर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली. क्षयाचा माणूस सरकारच्या दारात स्वतःच्या पायानं येत होता आणि सरकार त्याला बाटली देऊन परत पाठवत होतं.

याचा अहवाल १९६३ साली प्रसिद्ध झाला. पण त्यातून निघणारा विचार १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात आधीच उतरला होता. जो खोकत दवाखान्यात येतोय, त्याचा बेडका काचपट्टीवर घ्या, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जंतू दिसले तर क्षय, आणि त्याच्यापासून दुसऱ्यांना सर्वाधिक धोका, म्हणून औषध आधी त्याला. फोटो फक्त जिल्ह्याच्या केंद्रात, आणि तोही बेडक्यात काही सापडलं नाही तरी लक्षणं कायम असली तर. फोटोतली सावली फसवी असते, जुन्या भरून आलेल्या क्षयाचीही असू शकते. दोन तज्ज्ञांना एकच फिल्म दाखवली तर त्यांचं एकमत होईलच असं नाही, इतकंच काय, एकाच तज्ज्ञाला ती महिन्यानं पुन्हा दाखवली तर त्याचं स्वतःशीही होईलच असं नाही. जंतू दिसला तर तो दिसला.

मद्रासच्या संशोधन केंद्रानं १९५९ साली दाखवून दिलंच होतं, की क्षयाचा रोगी आरोग्यधामाच्या खाटेवर न ठेवता घरीच औषध दिलं तरी तितकाच बरा होतो. खाट वाचली, फिल्म वाचली. या दोन्ही गोष्टी भारतात सिद्ध झाल्या आणि मग जगानं उचलल्या. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं सरसकट सगळ्यांचे फोटो काढण्याची पद्धत बंद करा, असा सल्ला दिला. श्रीमंत देशांतही क्षय ओसरला होता. हजारो निरोगी छात्यांमागे एखादाच रोगी सापडायचा आणि त्याचा खर्च वाढत चालला होता.

इतकी शहाणी काटकसर मला वैद्यकाच्या इतिहासात फारशी दिसलेली नाही. याचं कारण ती रोग्याला काय हवंय हे विचारून सुरू झाली होती.

पण कागदावरचं शहाणपण दवाखान्यापर्यंत पोचलं का? आता थोडं घरचं सांगतो, कारण ते या हिशेबात येतं. माझे चाचा इचलकरंजीला यंत्रमागावर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांना खोकला लागला. आमच्या मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाचं जुनं इस्पितळ, पण तिथे जाणं म्हणजे गावभर बोभाटा. 'लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न व्हायचंय,' असं चाची म्हणायची. मग एका खासगी डॉक्टरकडे जाणं सुरू झालं. त्यांनी दर महिन्याला एक फोटो काढला. 'डाग कमी होतोय,' असं ते फोटो उजेडात धरून सांगत. सहा महिन्यांत सहा फोटो. बेडका एकदाही तपासला नाही. चाचीच्या बांगड्या त्यात गेल्या. शेवटी अब्बांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे बेडका तपासून औषध सुरू झालं आणि चाचा वाचले. ते सहा मोठे खाकी लिफाफे कपाटावर होते. चाचीनं पुढे ते भंगारवाल्याला विकले, कारण फिल्ममध्ये चांदी असते आणि तो ती वजनावर घेतो. बांगड्या सोन्याच्या होत्या. परत आली ती अशी चिमूटभर चांदी.

हा काही आमच्या घरचाच अनुभव नव्हता. १९९२ साली सरकारनं या कार्यक्रमाचा आढावा घेतला, तेव्हा आढळलं की निदानाचा भर बेडक्यावर नसून एक्स-रेवरच आहे, औषधं अपुरी आहेत, आणि उपचार पुरा करणारे निम्मेसुद्धा नाहीत. जी काटकसर जगानं आपल्याकडून शिकली, ती आपल्याच दवाखान्यांत नीट रुजली नव्हती. खासगी डॉक्टरांबद्दल तर काय सांगावं! मुंबईच्या झोपडपट्टीतल्या १०० डॉक्टरांना क्षयावर काय औषध द्याल असं विचारलं, तर ८० निरनिराळी उत्तरं आली. हा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. मग १९९७ पासून सुधारित कार्यक्रम आला, आणि सूक्ष्मदर्शक पुन्हा पुढे, फोटो मागे.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण २०१९ ते २०२१ या काळात, मध्ये करोनाची लाट असतानाही, देशभर पुन्हा क्षयाची मोठी पाहणी झाली. साठ वर्षांपूर्वीसारख्याच एक्स-रेच्या गाड्या पुन्हा गावोगाव फिरल्या. फक्त आता फिल्म नव्हती, सगळं डिजिटल. (फिल्म गेली, चांदी गेली, पण त्या प्रमाणात खासगीतलं बिल उतरलं, असं मला तरी दिसलेलं नाही. असो.) या पाहणीत गाडीनं सगळ्यांचेच फोटो काढले, खोकला असो वा नसो. आणि निघालं असं, की जे क्षयाचे रुग्ण सापडले त्यातले ४२.६ टक्के फोटो काढला नसता तर निसटलेच असते. त्यांना विचारण्यासारखी लक्षणंच नव्हती. म्हणजे 'खोकणारा येईल, त्याचा बेडका बघू' ही आपली शहाणी वाट जवळजवळ अर्ध्या रुग्णांपर्यंत पोचतच नव्हती.

मग बंगलोरची मंडळी चुकली का? मला तसं वाटत नाही. १९६२ साली प्रश्न होता, की दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं नाही. हातात पैसे थोडे, औषधं थोडी. अशा वेळी घराघरातून आणखी रोगी शोधून आणायचे आणि त्यांनाही लाल बाटलीच द्यायची, याला काय अर्थ होता? त्यांनी निवडलं ते त्या वेळेपुरतं बरोबर होतं. चूक झाली ती त्यानंतर : तात्पुरत्या काटकसरीला आपण कायमचा नियम समजून बसलो. फोटो स्वस्त होत गेला, औषधं मिळू लागली, तरी 'फोटो म्हणजे उधळपट्टी' हे वाक्य सरकारी डोक्यातून गेलं नाही.

आता ते बदलतंय. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं १५ वर्षांवरच्या माणसांच्या छातीचा फोटो संगणकानं वाचायला हिरवा कंदील दाखवला. असे फोटो वाचणारी एक संगणक-प्रणाली मुंबईतच तयार झाली आहे. जिथे फोटो वाचणारा तज्ज्ञच नाही, तिथे निदान 'याचा बेडका तपासा' इतकं तरी यंत्र सांगू शकतं. बेडका तपासण्याचं काम सूक्ष्मदर्शकाच्या पुढे गेलंय. गोव्यातल्या कंपनीचं 'ट्रूनॅट' हे छोटं यंत्र जंतूची जनुकं शोधतं. आणि ७ डिसेंबर २०२४ पासून सरकारनं ३४७ जिल्ह्यांत जी शंभर दिवसांची मोहीम काढली, तीत हातात धरता येणारी, बॅटरीवर चालणारी एक्स-रे यंत्रं वापरली गेली. राँटगेन यांनी हे पाहिलं असतं तर त्यांना गंमत वाटली असती.

त्या २०१९-२१ च्या पाहणीतला आणखी एक आकडा मला सोडवत नाही. ज्यांना लक्षणं होती त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. का गेला नाहीत, असं त्यांना विचारलं. ६८ टक्के म्हणाले, दुर्लक्ष केलं. १८ टक्के म्हणाले, हा क्षय असेल असं वाटलं नाही. १२ टक्क्यांनी आपलं आपणच औषध घेतलं होतं. पैसे नव्हते असं म्हणणारे फक्त २ टक्के! हा शेवटचा आकडा वाचून एखाद्याला वाटेल, की चला, पैशाचा प्रश्न सुटला. मी यंत्रमागाच्या गल्लीत वाढलोय. तिथला माणूस 'माझ्याकडे पैसे नाहीत' असं अनोळखी पाहुण्याला सहसा सांगत नाही. पाळी बुडवली की त्या दिवसाची मजुरी जाते, ती गेली की आठवड्याचा किराणा कमी पडतो, म्हणून तो खोकला दाबून ठेवतो. आणि कुणी वहीपेन घेऊन विचारलं तर 'दुर्लक्ष केलं' म्हणतो.

चाचांना फोटोपर्यंत जायला प्रत्येक वेळी एक पाळी सोडावी लागायची. आता फोटोची पेटी शेडच्या दारापर्यंत येऊ शकते. ती सकाळी दहा ते पाच येते, की रात्रपाळी सुटते तेव्हा, हे आमच्याकडच्या लोकांनी आणि नगरपालिकेच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं आहे.